पदरचा पैसा घालून उभा राहिलेला अपक्ष अध्यक्ष: माझं मत नाही

जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ काढत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो. मस्क स्वतः राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत, कारण त्यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. पण उद्या दुसरा एखादा गडगंज माणूस रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांना बाजूला सारून अपक्ष उभा राहिला तर? “मी डोळे झाकून त्याला मत देईन,” असं म्हणणारे बरेच भेटतात. ज्याच्याकडे स्वतःचेच अब्जावधी डॉलर आहेत तो कुणाचा मिंधा राहणार नाही, असं ते म्हणतात. ऐकायला हे पटतं.

मी टेक्सासमध्ये राहते, इथली मतदार आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते सविस्तर लिहिते, कारण असा उमेदवार नको म्हणणारे सहसा जे कारण देतात ते मला मान्य नाही.

ते कारण म्हणजे ‘तो फक्त मतं खाणार’. याचा दाखला म्हणून १९९२ सालचे रॉस पेरो पुढे केले जातात. डॅलसचे अब्जाधीश, संगणक सेवा देणाऱ्या ईडीएस कंपनीचे संस्थापक. त्यांना १८.९ टक्के मतं मिळाली, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९७ लाख, आणि इलेक्टोरल व्होट, म्हणजे राज्यवार मिळणारी आणि अध्यक्ष ठरवणारी मतं, शून्य. डेमोक्रॅट क्लिंटन ४३ टक्क्यांवर निवडून आले आणि रिपब्लिकन थोरले बुश हरले. पेरोंनी बुशना पाडलं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण मतदान करून बाहेर पडलेल्यांना तेव्हा विचारलं गेलं होतं, की पेरो नसते तर कुणाला मत दिलं असतं? बुश आणि क्लिंटन यांची नावं जवळपास सारख्याच लोकांनी घेतली, आणि बाकीच्यांतले बरेच मतदानालाच गेले नसते. दुसऱ्या निवडणुकीत चित्र वेगळं असू शकतं. २००० साली निकाल ज्यावर ठरला त्या फ्लोरिडात धाकटे बुश आणि गोर यांच्यात ५३७ मतांचं अंतर होतं आणि ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. तरीही ‘मतं खाल्ली’ ही भाषाच मला खटकते. मत मतदाराचं असतं, कुठल्या पक्षाच्या ताटात आधीपासून वाढून ठेवलेलं नसतं.

पेरोंना पडलेली मतं वाया गेली असंही मी म्हणणार नाही. १९९२ मध्ये सरकारची तूट २९ हजार कोटी डॉलरच्या घरात होती आणि दोन्ही पक्ष त्यावर मोघम बोलत होते. पेरोंनी टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेतली आणि हातात छडी घेऊन तक्ते दाखवत लोकांना देशाचा हिशेब समजावला. पहिलाच कार्यक्रम दीड कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. त्या एकोणीस टक्क्यांकडे नंतर कुणालाच दुर्लक्ष करता आलं नाही, आणि १९९८ मध्ये अमेरिकेचा अर्थसंकल्प जवळपास तीन दशकांनी शिलकीत आला. हे एकट्या पेरोंचं श्रेय नव्हे, पण त्यांच्या मतदारांचा त्यात वाटा होता असं मी मनापासून मानते.

मग माझी हरकत कशाला आहे? १९९२ च्या उन्हाळ्यात जे घडलं त्याला.

फेब्रुवारी १९९२ मध्ये लॅरी किंग यांच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात पेरो म्हणाले होते, की सामान्य लोकांनी पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणलं तर मी उभा राहीन. अपक्षाला इथे प्रत्येक राज्यात वेगळा अर्ज करावा लागतो. सह्यांची संख्या वेगळी, मुदत वेगळी, नियम वेगळे. हजारो माणसं घरचं खाऊन मॉलच्या दारात टेबलं टाकून बसली. जूनमध्ये गॅलपच्या जनमत चाचणीत पेरो ३९ टक्क्यांवर होते, बुश आणि क्लिंटन दोघांच्याही पुढे. आणि १६ जुलैला त्यांनी पत्रकार परिषद घेऊन माघार जाहीर केली. प्रचाराची धुरा सांभाळणारे एड रॉलिन्स आदल्याच दिवशी सोडून गेले होते, कारण पेरो कुणाचा सल्ला ऐकत नव्हते. सह्या गोळा करणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. १ ऑक्टोबरला पेरो पुन्हा मैदानात उतरले. मुलीच्या लग्नात रिपब्लिकन लोक विघ्न आणणार होते म्हणून माघार घेतली, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुरावा दिला नाही.

पक्षाच्या उमेदवाराला असं करता येत नाही. त्याच्या मागे देणगीदार, प्रतिनिधी, राज्याराज्यांतले नेते असतात, आणि ते सगळे त्याला जाब विचारू शकतात. पेरोंनी पदरचे ६ कोटींहून जास्त डॉलर घातले. उमेदवाराने स्वतःचा पैसा किती खर्चावा यावर मर्यादा घालता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७६ सालीच ठरवलं आहे. तुमच्या आमच्या देणगीवर मात्र मर्यादा असते. म्हणजे अशा उमेदवाराला बड्या देणगीदारांची गरज नाही हे खरं, पण पन्नास डॉलर पाठवणाऱ्या शिक्षिकेचीही नाही. उन्हात उभं राहून सह्या घेणाऱ्याला पेरो ज्या सहजपणे सोडून गेले, त्याच सहजपणे असा उमेदवार अध्यक्ष झाल्यावर मला सोडून जाईल, ही माझी भीती आहे.

पेरोंनी पुढे रिफॉर्म पार्टी काढली, तेव्हा मला वाटलं असतं की आता तरी काही बांधलं जाईल. १९९६ मध्ये कोलोराडोचे माजी गव्हर्नर डिक लॅम यांनी त्या पक्षाची उमेदवारी मागितली आणि लगेच पेरो स्वतःच रिंगणात उतरले. उमेदवारी त्यांनाच मिळाली. मतं ८.४ टक्क्यांवर आली.

दुसरी गोष्ट घटनेची. कुणालाच २७० इलेक्टोरल व्होट मिळाली नाहीत तर निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. टेक्सासला एक, वायोमिंगलाही एक. त्या सभागृहात अपक्षाचं आहे कोण? न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांनी मार्च २०१६ मध्ये हाच हिशेब मांडून अपक्ष उभं राहायला नकार दिला. तो निर्णय मला आजही प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे अपक्ष म्हटलं की १९९५ ची विधानसभा आठवते. ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचं सरकार बसलं. सभागृहातल्या अपक्षाच्या हातात सौदा असतो, कारण त्याच्या एका मताला किंमत असते. राष्ट्राध्यक्ष एकटाच असतो. त्याचा अर्थसंकल्प, त्याचे मंत्री, त्याचे न्यायाधीश हे सगळं काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, दारातून जातं, आणि तिथे दोन्ही पक्षांना तो अपयशी ठरलेलाच हवा असणार.

म्हणूनच मला मेन राज्याचं उदाहरण मोलाचं वाटतं. पेरोंना टक्केवारीने सर्वात जास्त मतं तिथेच पडली, ३० टक्के. दोनच वर्षांनी त्या राज्याने अँगस किंग या अपक्षाला गव्हर्नर केलं, पुढे सिनेटमध्येही पाठवलं. २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धतही कौल देऊन आणली. पहिली पसंती अपक्षाला द्या, तो मागे पडला तर तुमचं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. २०२० मध्ये अध्यक्षपदासाठीही ती वापरली गेली. टेक्सासमध्ये ही सोय नाही.

सिनेटसाठी, गव्हर्नरपदासाठी, शाळेच्या बोर्डासाठी चांगला अपक्ष दिसला तर मी त्याला मत देईन, तो श्रीमंत असला तरी. अध्यक्षपदासाठी २०२८ मध्ये असा कुणी आला तर त्याच्या खिशाकडे बघण्याआधी मी मतपत्रिकेवर खाली बघेन, की काँग्रेसच्या जागांसाठी त्याने आपल्या विचारांची किती माणसं उभी केली आहेत. एकटाच आला असेल, तर माझं मत त्याला नाही.