चाकरमान्यांनो, यंदा विमानानेच गावी जा

कोकण रेल्वेचं गणपतीचं आरक्षण उघडल्या-उघडल्या संपलं म्हणून तोंड पाडून बसू नका. साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता लॅपटॉपसमोर अंघोळ करून बसणारे लोक वेगळे, तुम्ही वेगळे. तुम्ही विमानाने जा. मुंबईहून गोवा जेमतेम सव्वा तास. तिथून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग म्हणजे हाकेच्या अंतरावर. नकाशावर बोट ठेवून बघा, पटेल. नकाशावर सगळंच पटतं.

सर्वात आधी गोवा नक्की कुठला, हे ठरवा. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ दिसलं की आपला जीव भांड्यात पडतो, पण गोव्याला विमानतळ दोन आहेत. एक दाबोळीचा, पोर्तुगीज काळातला. तो नौदलाच्या तळावर आहे, आणि नौदलाच्या वेळा सांभाळून प्रवासी विमानं तिथे ये-जा करतात. दुसरा पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर. त्याचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली आणि मनोहर पर्रीकरांचं नाव त्याला मिळालं. दोहोंमध्ये साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर आणि वाटेत तीन नद्या. तिकिटावर फरक एका अक्षराचा: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स.

हे अक्षर वाचायचा कंटाळा करणारे असतात. मी होतो. परतीच्या प्रवासाला गावाहून निघालो आणि वीस वर्षांच्या सवयीने गाडी दाबोळीकडे घ्यायला सांगितली. वाटेत धारगळला मोपाकडे जाणारा उन्नत रस्ता दिसला. २०२४ साली झालेला, लांबरुंद, डोळ्यांत भरेल असा. ‘वा, काय रस्ता केलाय!’ असं मी म्हणालो, ड्रायव्हरही हो म्हणाला, आणि त्याच्याखालून आम्ही दिमाखात पुढे गेलो. कोलवाळचा पूल, मग मांडवी, मग झुआरी. प्रत्येक पुलावर मी नदीचे फोटो काढले. दाबोळीच्या दारावरच्या जवानाने माझं तिकीट हातात घेतलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काजूच्या पिशव्यांकडे पाहिलं आणि अतिशय मायेने म्हणाला, ‘साहब, ये तो मोपा का है.’ ते तीन फोटो अजून माझ्याकडे आहेत. तुम्हालाही हवे असतील तर कोड अजिबात बघू नका.

असो. तुम्ही हुशार आहात, बरोब्बर मोपाला उतरलात. आता आजूबाजूला बघा. काचा, प्रकाश, चकचकीत फरशी, आणि एवढ्या मोठ्या सड्यावर तुम्ही एकटे. अंगावर ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा शहारा येऊ द्या. इथून मस्कतला थेट विमान सुरू झालं. बांद्याला जायला मात्र गाडी बदलावी लागते, पण बांद्याला काय, कोणीही जातो.

गावाकडे निघण्याचे मार्ग बरेच आहेत. माझा आवडता म्हणजे कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस. स्वच्छ, गार, वेळेवर सुटणारी आणि तिकीटही परवडणारं. अडचण एवढीच की ती म्हापसा-पणजीकडे जाते, म्हणजे दक्षिणेला. तुमचं गाव उत्तरेला. पण घाबरून चालायचं नाही. म्हापशाला उतरायचं, स्टँडवर सावंतवाडीची गाडी लागेपर्यंत एक मिरचीभजी आणि चहा घ्यायचा, आणि मग गाडीत जागा मिळाली तर बसून, नाहीतर उभ्याने, दीड-दोन तासांनी पुन्हा त्याच धारगळवरून जायचं. खिडकीतून तोच उन्नत रस्ता दिसेल. या वेळी मात्र ‘वा’ म्हणावंसं वाटत नाही.

मधल्या वेळात म्हापशात कुठे जायचं असेल तर पायलट घ्या. गोव्यात मोटारसायकलवरून सवारी नेणाऱ्याला पायलट म्हणतात, आणि ही पद्धत आपल्या शहरांत बाइक-टॅक्सीवरून भांडणं सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. एका दिवसात दोन पायलट लाभण्याचं भाग्य फक्त मोपाच्या प्रवाशाला. दुसरा तुमची बॅग पुढे पेट्रोलच्या टाकीवर घेतो आणि वळणावर तुम्हालाही झुकायला सांगतो. पहिल्याने तेवढी जवळीक दाखवली नव्हती.

टॅक्सी हवीच असेल तर मुंबईची सवय मुंबईत ठेवून या. ओला-उबर गोव्यात नाहीत, तेव्हा मोबाइल उघडून बोटाने नकाशा खेळवत बसू नका, लोक बघतात. काउंटरवर जा. भाडं ऐका. चेहरा सरळ ठेवा. स्वस्तात काढलेल्या विमानतिकिटाची पावती त्या क्षणी अजिबात आठवायची नाही. आणि त्या माणसाशी वाद घालण्याआधी एक लक्षात घ्या: ज्या सड्यावर तुम्ही उभे आहात तिथे मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे या गावांची गुरं चरत होती, काजू पिकत होते. जमिनी गेल्या, आणि त्या भागातल्या टॅक्सीवाल्यांना आपल्याच अंगणातल्या विमानतळावर काउंटर मिळावा म्हणून आंदोलनं करावी लागली. तेव्हा त्याने मागितलं ते देऊन टाका किंवा मुकाट्याने कदंबकडे वळा. इथे माझा उपरोध जरा अडखळतो, माफ करा.

टॅक्सी मिळाली की पत्रादेवी ओलांडून महाराष्ट्रात. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवतील आणि डिकी उघडायला लावतील. ‘आम्ही विमानाने आलोय’ हे वाक्य तिथे म्हणून पाहा. काहीही होत नाही. विमानाने आलेल्या माणसाच्या बॅगेत बाटली नसते, अशी उत्पादन शुल्क खात्याची समजूत नाही.

कुणी म्हणेल, आपल्या सिंधुदुर्गाचा चिपीचा विमानतळ असताना गोव्याचे उंबरठे कशाला झिजवायचे? अगदी खरं. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं तेव्हा उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच व्यासपीठावर होते, त्यामुळे विमानाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तीन वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरात, मुंबईची ती फेरी बंद पडली. चिपीवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी प्रेम चालू ठेवावं आणि निघायच्या दिवशी सकाळी वेळापत्रक पाहावं. चिपीजवळचा परुळ्याचा सडा दिसायला फार सुंदर आहे, विमान नसलं तरी.

राहता राहिला शेवटचा टप्पा. सावंतवाडी स्टँडवर तुम्ही पोहोचाल तेव्हा तुमच्या गावाची पाचची गाडी गेलेली असेल. काळजी नको, नंतर वस्तीची गाडी आहे. ती मुक्कामाला गावातच थांबते, त्यामुळे तिला घाई नसते. ती शाळेच्या पोरांना घेते, बाजाराच्या पिशव्या घेते, माटवीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं टांगतात त्या मांडवीसाठी, आणलेल्या कवंडळांची (रानफळांची) परडी घेते, आणि अखेरीस चाकांच्या बॅगेसकट तुम्हालाही घेते. त्या बॅगेची चाकं एसटीत फक्त दुसऱ्यांच्या पायावरून फिरतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बॅगेच्या कडीला विमानतळावर चिकटवलेली पांढरी पट्टी काढायची नाही. एवढा खर्च केलाय तर गावाला कळायला नको?

घरासमोरच्या खळ्यात पाय ठेवाल तेव्हा दिवेलागण झालेली असेल. रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडून आलेला चुलतभाऊ दुपारीच पोहोचून, जेवून, एक झोप काढून माटवीला सुंभ बांधत असेल. तो पट्टीकडे पाहील. पट्टीवरची तीन मोठी अक्षरं एकेक करून वाचेल.

‘ह्या जीओएक्स म्हणजे काय रे?’

‘गोवा.’

‘म्हणजे तू गोव्यासून इलंस? आमका वाटला मुंबयसून येतलंस.’