उलटा बसवलेला मार्बल कटर म्हणजे टेबल सॉ नव्हे

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर निघालेल्या फिरत्या पात्यावर फळी सरकवून कापायचं यंत्र; मार्बल कटर म्हणजे फरशी कापायचं हातातलं छोटं यंत्र. घरी लाकूडकाम सुरू करणाऱ्यांपर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. तो असा : "टेबल सॉवर तीस-चाळीस हजार घालवू नका. चार इंची मार्बल कटर घ्या, त्याला लाकडाचं पातं लावा, १२ मिमी प्लायला खाच पाडून खालून उलटा स्क्रूने आवळा. पाच हजारांत टेबल सॉ तयार. ताकद तीच, काप तोच. फेन्स म्हणजे शेवटी एक सरळ पट्टीच. गार्ड आणि रायविंग नाइफ सराईत सुतार काढूनच टाकतो. स्विच लॉक करून ठेवा, टेबलाच्या बटणाने चालू-बंद करा." (फेन्स म्हणजे फळी टेकवून सरकवायची आडपट्टी, गार्ड म्हणजे पात्यावरचं झाकण, रायविंग नाइफ म्हणजे पात्यामागची पोलादी पट्टी.)

पैसे कमी आहेत ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. तो हा नाही. आणि हातातला सॉ टेबलाखाली बसवण्याची कल्पना मुळात वेडगळ आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात निघालेलं ट्रायटन वर्कसेंटर नेमकं हेच करायचं. पण त्यात सॉ पक्क्या चौकटीत बसे, पात्यामागे नाइफ असे आणि वर गार्ड असे. आपल्याकडे फिरणाऱ्या सल्ल्यात यातलं काहीच उरलेलं नाही.

"काप तोच."

आधी मोजून पाहू. ११० मिमी पात्याचा मार्बल कटर फार तर ३० ते ३४ मिमी खोल कापतो, आणि हे माप त्याच्या तळपट्टीपासूनचं असतं. तळपट्टी १२ मिमी प्लायखाली गेली की ३४ मधून १२ वजा, उरले २२. १८ मिमी प्लाय स्वच्छ कापायला पात्याचे दात त्याच्यावर चार-पाच मिमी निघावे लागतात, म्हणजे २२-२३ मिमी हवेत. घरातल्या फर्निचरची सगळ्यात नेहमीची जाडी इथे जेमतेम बसते. २५ मिमी सागवानाची फळी दोन बाजूंनी, उलटवून कापावी लागते आणि दोन काप एका रेषेत येत नाहीत, मधे पायरी राहते. ४५ अंशाचा काप तर १८ मिमीतही होत नाही, कारण तिरपं पातं वरच्या १२ मिमी प्लायमधून जाताना १७ मिमी खर्ची पडतात. वर ६ मिमी प्लाय घेतला तर खोली मिळते, पण तीनेक किलोचं थरथरणारं यंत्र टांगलेलं असल्यावर तो मधोमध खाली झोळतो. मग फळी डुगडुगते, आणि डुगडुगणारी फळी धोकादायक का, ते पुढे येईलच.

हातात धरून चालवायचा ७ इंची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) उलटा बसवला तर खोलीची अडचण येत नाही. तिथे दुसरीच अडचण आहे : त्याचं खालचं, स्प्रिंगचं गार्ड तारेने किंवा पाचर मारून कायमचं उघडं ठेवावं लागतं. हातातले सर्क्युलर सॉ बनवणाऱ्या काही कंपन्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहितात की हे यंत्र टेबलाखाली बसवण्यासाठी नाही. कटरऐवजी अँगल ग्राइंडर बसवावा म्हटलं, तर त्याच्या सुरक्षा सूचनांतही दात असलेलं पातं लावायला मनाई असते. या सूचना खोक्यातच राहतात आणि वाचल्या जात नाहीत, हे दुर्दैव.

"ताकद तीच."

हा मुद्दा निम्मा खरा आहे. कटर १२०० वॅटच्या आसपास, टेबल सॉ १५०० ते २००० वॅट. कागदावर फार अंतर नाही. पात्याच्या कडेचा वेगही जवळपास सारखा. ११० मिमीचं पातं १२,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) सेकंदाला ६९ मीटर, २५४ मिमीचं पातं ४,८०० आरपीएमला सेकंदाला ६४ मीटर.

फरक पडतो तो प्रत्येक दाताच्या वाट्याला किती लाकूड येतं यात. फळी मिनिटाला ३ मीटर या वेगाने सरकवली असं धरू, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. चार इंची ४० दातांच्या पात्याचे सेकंदाला ८,००० दात लाकडावरून जातात; दर दाताला ०.००६ मिमी लाकूड मिळतं. टेबल सॉच्या २४ दातांच्या पात्याचे १,९२० दात जातात. दर दाताला ०.०२६ मिमी, चौपटीहून जास्त. कटरच्या दाताला मिळतं तितकं पातळ लाकूड मिळालं की दात कापत नाही, घासतो. फळीच्या कडेला काळे डाग येतात, पात्यावर राळ चढते, धार लवकर जाते, आणि मग माणूस जोर लावून ढकलू लागतो. "मोटर दमदार नाही" अशी तक्रार अशा वेळी होते, पण दोष दातांच्या संख्येचा आणि वेगाचा असतो. कटरवर लावायचंच तर कमी दातांचं पातं आणि त्याच्यावर छापलेला कमाल आरपीएम कटरच्या आरपीएमहून जास्त, एवढं तरी पाहावं.

शिवाय कटर खाली टांगला की मोटरचा पंखा भुशाच्या ढिगातूनच हवा ओढतो. कार्बन ब्रश आणि बेअरिंग त्याने अकाली जातात.

"फेन्स म्हणजे एक सरळ पट्टी."

पट्टी सरळ असून भागत नाही, ती दर वेळी पात्याला समांतर बसली पाहिजे. दोन सी-क्लॅम्पने आवळलेली पट्टी दर कापाला टेपने दोन्ही टोकांना मोजावी लागते आणि टेपने एखादा मिमी इकडे-तिकडे होतोच. मागचं टोक एक मिमी आत आलं तर फळी पात्याचा मागचा भाग आणि पट्टी यांच्यात आवळली जाते. चांगला फेन्स पुढच्या कडेला एकदा आवळला की मागचं टोक जागचं हलत नाही. बजेटमधलं यंत्र निवडताना मोटरच्या आधी हे तपासावं : फेन्स लॉक करा, मागच्या टोकाला बोटाने बाजूला रेटा. टोक सरकलं तर ते यंत्र सोडा, मग मोटर कितीही मोठी असो.

"रायविंग नाइफ नको."

या एका वाक्यामुळे बोटं जातात, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

टेबल सॉचे पुढचे दात खाली जातात आणि फळीला टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात. फळी त्या मागच्या दातांना टेकली तर ती आधी उचलली जाते आणि मग कापणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. सेकंदाला ६४ मीटर म्हणजे ताशी २३० किलोमीटर. फळी पोटात बसते हे एक. पण तिच्याबरोबर, तिला दाबून धरलेला हातही पात्याकडे ओढला जातो हे त्याहून वाईट. माणसाला काही कळून हात मागे घ्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात पातं १६ वेळा फिरलेलं असतं. सराईतपणा या ०.२ सेकंदांत काहीच करू शकत नाही, "हात बसलेला असला की झालं" याचं उत्तर हेच.

फळी मागच्या दातांना टेकते ती अनेक कारणांनी. न वाळलेल्या सागवानात, बाभळीत, पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनमध्ये आतला ताण कापताना सुटतो आणि कापाची फट मिटू लागते. फेन्स आत कललेला असतो. पिळलेली फळी टेबलावर डुगडुगते. किंवा फेन्स आणि मायटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारं, फळी आडवी कापताना टेकवायचं साधन) एकाच वेळी वापरल्याने सुटलेला तुकडा मधे अडकतो. "मी फक्त प्लाय कापतो, तो मिटत नाही" हे अर्धंच बरोबर आहे. प्लाय मिटत नाही, पण फेन्सपासून जरा सुटला की वळतो आणि त्याचा कोपरा मागच्या दातांवर चढतो.

रायविंग नाइफ ही पात्यामागे उभी असलेली, पात्याबरोबर वर-खाली आणि तिरपी होणारी पोलादी पट्टी. दातांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर ती कापाच्या फटीत शिरते. फट मिटत नाही आणि फळी मागच्या दातांवर जातही नाही. तिची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी हवी. पात्याचं अंग २.२ मिमी आणि काप ३.२ मिमी असेल तर २.५ मिमीचा नाइफ बरोबर. पातं बदलताना ही दोन्ही मापं पाहायची. पातळ कापाचं, २.४ मिमीचं पातं आणून त्याच नाइफसमोर लावलं की फळी नाइफवर अडते, आणि चिडून लोक नाइफ काढतात. चूक पात्याच्या निवडीची असते. नाइफ पात्याच्या माथ्याहून जरा खाली ठेवता येतो, त्यामुळे खाच पाडतानाही काढावा लागत नाही.

उलट्या कटरला असा, पात्याबरोबर हलणारा नाइफ बसवायला जागाच नसते.

"स्विच लॉक करून ठेवा, टेबलाच्या बटणाने चालू-बंद करा."

कटरचा ट्रिगर दाबलेला लॉक आहे आणि वीज गेली, तर वीज परत आल्यावर पातं आपोआप फिरू लागतं. वीज नेमकी कापाच्या मधोमध जाते. माणूस अडकलेली फळी सोडवायला हात घालतो, आणि वीज येते. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते, वीज गेली की संपर्क सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. टेबल सॉला तसलाच स्विच लागतो. दुकानात तपासणं सोपं आहे : यंत्र चालू करून भिंतीवरचं बटण बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, बटण पुन्हा चालू करा. पातं फिरलं तर घेऊ नका.

आता पैशांचं. खिशात दहाएक हजारच असतील तर सॉ उलटा करू नका, सुलटाच ठेवा. ७ इंची सर्क्युलर सॉ आणि घरी केलेली मार्गपट्टी यांनी कपाटाचं बहुतेक काम होतं. ६ मिमी प्लायची ३०० मिमी रुंद, आठ फूट लांब पट्टी घ्या. तिच्या एका कडेला १२ मिमी प्लायची ८० मिमी रुंद, कारखान्याची सरळ कड असलेली पट्टी चिकटवा आणि स्क्रूने आवळा. सरळ कड मोकळ्या भागाकडे. सॉची तळपट्टी त्या कडेला टेकवून एकदा चालवा. ६ मिमी प्लायचा जास्तीचा भाग कापला जाईल आणि उरलेली कड म्हणजे नेमकी कापाची रेषा. पुढे दर वेळी ती कड खुणेवर ठेवायची, दोन क्लॅम्प लावायचे आणि कापायचं. शीटखाली जाड थर्माकोल पूर्ण पसरा, पातं शीटच्या खाली चार-पाच मिमीच निघेल इतकंच ठेवा. हातातल्या सॉचे दात खालून वर कापतात, म्हणून चांगली बाजू खाली. टेबल सॉवर चांगली बाजू वर.

आठ बाय चारची अखंड शीट छोट्या टेबल सॉवर एकट्याने ढकलणं तसंही धोक्याचं. ती आधी मार्गपट्टीने फोडावी, किंवा पॅनल सॉ (अखंड शीट कापायचं मोठं यंत्र) असलेल्या प्लायच्या दुकानातून कापून आणावी. मार्गपट्टीने जमत नाही ते काम म्हणजे ३०-४० मिमी रुंदीच्या एकसारख्या पट्ट्या. अशा पट्ट्या वारंवार लागू लागल्या की टेबल सॉसाठी पैसे साठवायचे.

तो घेताना ८ इंचीला कमी लेखू नये. २१० मिमी पातं सुमारे ६५ मिमी कापतं, २५४ मिमीचं सुमारे ८०. घरात ६५ मिमीहून जाड लाकूड क्वचितच लागतं. पात्यापासून फेन्सपर्यंतची रुंदी ६०० मिमीच्या वर असावी, म्हणजे ओट्याखालच्या कपाटाची बाजू बसते. मायटरची खाच १९ × ९.५ मिमीची असली तर स्लेड (फळी ठेवून खाचेतून सरकवायचा पाट) घरी करणं सोपं जातं. पात्याचं भोक ३० मिमी आहे की २५.४, हे पाहून आपल्या बाजारात तसं पातं मिळतं का ते आधीच विचारावं. भोक मोठं पडतं म्हणून टेप गुंडाळून पातं कधीही बसवू नये. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी आणलेलं यंत्र स्वस्त वाटतं, पण ते १२० व्होल्टचं असतं, भोक १५.८८ मिमीचं असतं, आणि तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेतला की वाचलेल्या पैशांचा बराच भाग त्यातच जातो.

स्थानिक फॅब्रिकेटरने केलेली, पट्ट्याने (बेल्टने) पातं फिरवणारी मशीन, लोखंडी टेबल आणि इंडक्शन मोटरवाली, जड असते, आवाज कमी करते आणि वर्षानुवर्षं चालते. ती घ्यायला हरकत नाही. तिला नाइफ, पट्ट्यावर झाकण आणि नो-व्होल्ट स्टार्टर करून घेणं हा किमतीचाच भाग धरावा.

यंत्र घरी आल्यावर, प्लग काढून, पातं पूर्ण वर घ्या. एका दातावर खूण करा. मायटरच्या खाचेत कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकत्या पट्टीचा गुण्या) टेकवून त्याची पट्टी त्या दाताला पुढच्या बाजूला जेमतेम लावा. पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा पाहा. फरक साध्या कागदाच्या जाडीइतका, ०.१ मिमी, चालतो. जास्त असेल तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून पातं सरळ करा, मग फेन्स खाचेला समांतर लावा. मागचं टोक केसभर बाहेर चालेल, आत अजिबात नको. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच, आणि एक्स्टेन्शन लागलं तर २.५ चौ. मिमी वायरचं, अर्थिंगसह.