झाड वाईट नाही, बोल्ट वाईट

डेटाबेस मॉडेलांवरच्या, म्हणजे माहिती साठवायच्या पद्धतींवरच्या, तुमच्या लेखात हायरार्किकल (झाडासारखं, वरून खाली फांद्या फुटणारं) मॉडेल ‘इतिहासजमा’ म्हणून दोन ओळींत उडवलंय, ते पटलं नाही. आयबीएमचं आयएमएस हे त्याच पद्धतीचं डेटाबेस सॉफ्टवेअर १९६०च्या दशकात अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांच्या यादीसाठी बनलं आणि मोठ्या बँकांत आजही चालतंय.

मी पुण्यात धायरीला एका पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. तिथला जुना प्रोग्राम असाच, झाडासारखा. वर पंप, खाली असेंब्ली, त्याखाली सुटे भाग. एका पंपाची यादी फटक्यात निघायची. पण आठ एमएमचा एकच बोल्ट तीन पंपांत, म्हणून तीन ठिकाणी नोंद. दर वाढला, मी दोन ठिकाणी बदलला, तिसरी राहिली. महिनाअखेरीला साहेबांनी जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

नेटवर्क मॉडेलमध्ये एका नोंदीला अनेक पालक (वरच्या नोंदी) चालतात, पण प्रोग्रामरला एका नोंदीवरून दुसरीकडे जायच्या सगळ्या वाटा पाठ हव्यात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल (टेबलांच्या) मॉडेलमध्ये पंपाचं टेबल वेगळं, बोल्टचं वेगळं आणि मधलं तिसरं: कुठल्या पंपाला कुठला बोल्ट, किती नग. दर एकाच जागी. हे मधलं टेबल लेखात आलंच नाही! नवशिके अडखळतात ते तिथेच. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन पाच बोल्ट कोंबतात.

ग्राफ मॉडेलचा (नोंदी आणि त्यांना जोडणारे दुवे) भाग छान जमलाय. डॉक्युमेंट मॉडेलचं (एका वस्तूची सगळी माहिती एकाच नोंदीत) कौतुक मात्र जरा जास्त झालं. मोंगोडीबी या तसल्या डेटाबेसमध्ये पंपाच्या नोंदीच्या पोटात बोल्ट दरासकट ठेवलात, की माझी महिनाअखेर परत आलीच.