पट्टा : रस्त्याचा आणि कमरेचा

येत्या डिसेंबरात अमेरिकेहून भाचा येणार असेल, तर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि मच्छरदाणी एवढ्या तयारीवर भागणार नाही. विमानतळावरून घरी आणताना पहिला रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावर ओळीने आडवे मारलेले जाडसर पट्टे) लागायच्या आत त्याचे हात त्याच्याच मांडीवर आहेत ना, ते बघून घ्या. मी बघितलं नव्हतं. सहा पट्टे खडखडखड करत चाकाखालून गेले आणि शेजारी पेंगत बसलेला भाचा “मामा, झोपलास का?” असं ओरडून थेट स्टिअरिंगवर झेपावला.

चूक त्याची नाही. तो न्यू जर्सीत वाढलाय. तिथल्या गार्डन स्टेट पार्कवेवर 1952 साली कडेला खाचाखाचांची, चाक गेलं की ‘गाणारी’ पट्टी केली, आणि तेव्हापासून तिकडचा हिशेब ठरलेला आहे. पट्टी राहते कडेला. माणूस पेंगला, गाडी कडेला सरकली, की चाक त्या खाचांवर जाऊन घरघरतं आणि तो दचकून जागा होतो. जो सरळ चालवतो त्याला तो आवाज जन्मात ऐकू येत नाही. आवाज आला, म्हणजे तुमचं चुकलं.

हे आपल्याकडे चालायचं नाही, आणि ते भाच्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. ज्याचं चुकलं त्यालाच ऐकवायचं म्हणजे शुद्ध पक्षपात झाला. आपला पट्टा रस्त्याला आडवा असतो. पेंगणारा, टक्क जागा, दवाखान्यात निघालेली रिक्षा, लग्नाची बस, सगळ्यांना सारखाच प्रसाद. रस्त्याला पट्टा पडला की आपण कमरेला पट्टा बांधावा, ही इथली रीत. पट्ट्याचं माप विचारून घ्या, दुकानदार रोज किती किलोमीटर जाता ते विचारतो आणि त्यावरून देतो.

जपानात म्हणे खाचांमधलं अंतर कमी-जास्त करून रस्त्यातून सूर काढतात. खाचा जवळ आल्या की पट्टी चढते, लांब गेल्या की उतरते. भाच्याने हे कौतुकाने सांगितलं तर स्कूटरच्या डिकीत चार पुडांचा रिकामा डबा ठेवून त्याला पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरून एक चक्कर मारून आणा. साथीला झांजा फुकट.

भाचा इंजिनिअर असेल (असतोच), तर विचारेल, याला काही नियम नाहीत का? इथे मान ताठ ठेवायची. आहेत. रस्त्यांची मापं आणि नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस 1934 पासून आहे. ती ज्या समितीच्या शिफारशींमधून उभी राहिली तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे 1948 मध्ये आपल्याच पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ही माहिती विद्यापीठ चौकातच द्या. सांगून झाल्यावर जयकरांचं उरलेलं चरित्र सांगायलाही सिग्नल पुरतो.

गोलसर गतिरोधकाचं माप रोड्स काँग्रेसने दिलेलं आहे: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच. ताशी 25 किलोमीटरने आलेली गाडी अलगद चढावी आणि अलगद उतरावी, एवढाच हेतू. मात्र हे माप सोसायटीच्या सभेत सांगू नका. मी सांगितलं. सेक्रेटरींनी “तीन-सात म्हणजे इंच ना?” असं विचारून घेतलं, आणि दोन दिवसांत कुणाच्या तरी बाथरूमच्या कामातून उरलेल्या काँक्रीटचा वरवंटा गेटसमोर आडवा झाला. त्याच्यावरून अलगद काहीही जात नाही. दुधाच्या पिशव्यासुद्धा नाहीत.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो, मग पुन्हा उपदेशाला लागू. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार ज्याने बघितलाय, तो तिथल्या रंबलरला नावं ठेवणार नाही. 2022 च्या नोव्हेंबरात त्या उतारावर एकाच अवजड गाडीने 48 वाहनांचा चुराडा केला होता. पण डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेला ट्रक इंजिनाची मागे धरणारी ओढ गमावून बसलेला असतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून हात वर करतात. त्याला पट्टा काय सांगणार? पट्टा जागं करतो. थांबवणं त्याच्या हातात नाही.

आता बहीण इंग्लंडात असेल, तर भाच्याऐवजी भाची येईल आणि ती कॅट आयबद्दल, म्हणजे रस्त्यात बसवलेल्या, गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या खुंट्यांबद्दल बोलेल. यॉर्कशरच्या पर्सी शॉने 1934 मध्येच या मांजराच्या डोळ्याचं पेटंट घेतलं. रबराच्या घरात काचेचे डोळे, वरून चाक गेलं की डोळा आत दबतो आणि साठलेल्या पावसाच्या पाण्याने ते रबर काच पुसून घेतं. रस्ता पापणी मिटतो नि डोळे धुतो! शिवाय तिकडे मोठ्या रस्त्यांवर रंगांची भाषा आहे. लेनमधला डोळा पांढरा, डाव्या कडेचा लाल, दुभाजकाकडचा पिवळसर, बाहेर पडायच्या फाट्यावर हिरवा. अंधारात आपण कुठे आहोत ते नुसत्या रंगावरून कळतं.

भाचीला सांगा, आपल्याकडे लक्षात ठेवायला इतकं काही नाही. आपला डोळा कुठल्याही रंगाचा लावा, पहिल्या पावसानंतर तो मातीच्या रंगाचा होतो. पुढच्या पावसानंतर नुसती खोबण. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असाच एक निखळलेला कॅट आय आहे. हिशेबाच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवतो. रात्री वळणावरून एखादी गाडी आली की तिच्या दिव्यात तो टेबलावरून लख्ख चमकतो. आख्ख्या रस्त्यावर कामावर हजर असलेला तो एकटाच.

“तिकडे हिमवर्षावाच्या भागात असे उंच डोळे लावत नाहीत,” भाचा सांगेल. “बर्फ काढणाऱ्या गाडीचं पातं ते खरवडून नेतं, म्हणून खाच पाडून आत बसवतात.” त्याला म्हणावं, बर्फ नाही, पण जेसीबी आहे. आधी ड्रेनेज, मग गॅस, मग केबल, मग त्या खोदाईत फुटलेलं ड्रेनेज.

पांढऱ्या पट्ट्यांचं काम मात्र एकदा जरूर बघा. मार्चअखेरीला रात्री अकरानंतर कुठेही चालू असतं. ढकलगाडीवर भट्टी, आत दोनशेच्या आसपास अंशांवर रटरटणारा रंग, पुढे सुतळी धरलेला एक जण. रंग ओला आहे तोवर त्यावर काचेचे बारीक मणी पेरतात. दिव्याचा उजेड त्या मण्यांत शिरून आला तसा चालवणाऱ्याकडे परत फिरतो, म्हणून पट्टा रात्री उजळतो. पावसात मण्यांवर पाण्याचा थर आला की उजेड भलतीकडेच फाकतो आणि पट्टा गायब होतो. पाण्याच्या वर राहणाऱ्या कॅट आयची गरज तेव्हाच, म्हणजे आपल्याकडे ते खोबण होऊन बसलेले असतात तेव्हा.

आमच्या गल्लीत असा पट्टा मारत आणला, तर वाटेत एक ॲक्टिवा उभी. “गाडी कुणाची?” दोनदा विचारून झालं. भट्टी निवत होती. मग पुढच्या चाकापाशी पट्टा थांबवला आणि मागच्या चाकापासून पुन्हा सुरू केला. मालक पुढे ती गाडी विकून वाकडला राहायला गेले, पण ती फट अजून आहे. आता तिथे दुसरे एक गृहस्थ रोज गाडी लावतात. हटकलं तर खाली बोट दाखवून म्हणतात, “इथे पट्टा नाही, म्हणजे पार्किंग.” यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर गप्प बसा, तेही पुण्याचेच आहेत.

राहता राहिली शेवटची शिकवणी, आणि ती तुम्हाला द्यावीच लागत नाही. रंबलर घालताना पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथच्या कडेला हातभर जागा सोडतात. रस्त्यावरची प्रत्येक दुचाकी त्या हातभर जागेतून जाते. वेग कमी करायला घातलेल्या पट्ट्यापाशी आल्यावर माणूस वेग वाढवतो, का तर शेजारच्याच्या आधी त्या फटीत शिरायचं असतं. समोरून उलट्या दिशेने येणारा असेल तर तोही तिथूनच, आणि पहिला मान त्याचा, कारण त्याला घाई असते.

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, “मामा, दूध मी आणतो.” किल्ली दिली आणि गॅलरीत उभा राहिलो. पोरगं न्यू जर्सीसारखं दोन्ही बाजूंना बघून, इंडिकेटर देऊन बाहेर पडलं. रंबलर वीस फुटांवर आला तशी स्कूटर किंचित डावीकडे कलली. एका काकूंना आणि एका पाववाल्याला मागे टाकून तो गटाराच्या जाळीवरून त्या फटीत घुसला. ब्रेकचा दिवा काही लागला नाही.