कट्ट्यावर: भाकीत करायचंच तर २०३८ चं करा

"दहा वर्षांनी कीबोर्ड म्हणजे काय, हे पोरांना सांगावं लागेल," मास्तर म्हणाले आणि कट्टा पेटला.

अण्णाचं आयुष्य सर्किटांत गेलेलं. "मास्तर, भाकीत आकड्यात करा. इंटेल ही चिप कंपनी पुढं काढणाऱ्या गॉर्डन मूरनं १९६५ साली सांगितलं, चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील. १९७५ साली त्यानंच ते दोन वर्षांवर आणलं. १९७१ च्या इंटेल ४००४ चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक विजेची बटणं होती, आज अब्जांत मोजतो."

"मग माझंच म्हणणं खरं!"

"ट्रान्झिस्टर वाढले हो, पण वेग? पेंटियम फोर ही चिप २००४ सालीच ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही नाही झाला. उष्णता आवरेना, म्हणून एकाच चिपवर हिशेब करणारे भाग, म्हणजे कोअर, एकाचे चार, चाराचे आठ केले."

मास्तर हटेनात. "वेग जाऊ दे, अक्कल तर वाढली?"

इथं मला राहवलं नाही. यंत्राच्या बुद्धीवर काम करणाऱ्या हर्बर्ट सायमननं १९६५ सालीच म्हटलं होतं, की वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील. १९८५ आलं नि गेलं. उलट गो या पटावरच्या खेळात यंत्राला अजून बराच काळ लागेल असं जाणकार म्हणत होते, तर २०१६ साली अल्फागो या प्रोग्रॅमनं अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४-१ असं हरवलं. नवं काय येणार, यात भले भले चुकतात. जुनं काय उरणार, हे मात्र कुणी विचारतच नाही, आणि माझा जीव तिथं अडकतो.

मी मोबाइलवर आकडा काढून दाखवला: २,१४,७४,८३,६४७. जुन्या संगणकांतल्या बत्तीस बिटांच्या घड्याळात १ जानेवारी १९७० पासून एवढेच सेकंद मावतात. ते संपतात १९ जानेवारी २०३८ ला, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ वर जाते.

"चौसष्ट बिटांच्या घड्याळात हे मिटलंय," अण्णा म्हणाला.

"फोनमध्ये मिटलं," मी म्हटलं. "पण भिंतीत बसवलेला कंट्रोलर, यंत्र चालवणारा छोटा संगणक, कोण बदलतो? १९५९ सालची कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा अजून बँकांचे हिशेब करतेय, अण्णा!"

अण्णा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडे तसले जुने तीन बोर्ड आहेत. सोमवारी एकाचं घड्याळ पुढं सारून बघतो."

"मला बोलव," मास्तर म्हणाले.