गुडघे शाबूत असतील तर पोर्तुगालच्या बागा

बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते सपाट असतं. एक फाटक, आत गोल रस्ता, मध्ये बंद कारंजं, कडेला बाकडी, बाकड्यांवर निवृत्त मंडळी आणि बाहेर भेळेची गाडी. ही कल्पना मनात घेऊन पोर्तुगालला निघालेल्यांची मला फार काळजी वाटते. सपाट जमिनीवर बाग करणं पोर्तुगीज माणसाला कमीपणाचं वाटत असावं. उतार दिसला की तो पायऱ्या बांधतो, पायऱ्यांच्या कडेने कॅमेलिया लावतो, टोकावर एक चॅपेल ठेवतो आणि पायथ्याशी तिकीटखिडकी. पुढचं काम आपलं.

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी बागेत निवांत फेरफटका’ असं छापलेलं असतं. हा निवांतपणा कुठे खरोखर मिळतो आणि कुठे तो नुसता छापलेला असतो, तेवढं आधी माहीत असलं की घरातली बरीच भांडणं टळतात.

सुरुवात सिंत्राने करू, कारण सगळे तिथेच जातात आणि तिथेच फसतात. लिस्बनच्या रोसियू स्टेशनवरून लोकल पकडली की सुमारे ४० मिनिटांत सिंत्रा. स्टेशनाबाहेर ४३४ नंबरच्या बसची रांग दिसते, ती पेनाच्या डोंगरावर नेते. राणी दुसरी मारिया हिचे जर्मन यजमान फर्दिनांद यांनी १८३८ मध्ये इथला पडका मठ विकत घेतला, त्याच्या जागी लाल-पिवळा राजवाडा उभा केला आणि भोवतीच्या उघड्याबोडक्या खडकांत जगभरची झाडं लावली. ही बाग सुमारे ८५ हेक्टरची आहे आणि खरी मजा तिच्यातच आहे. पण माणसं धावतात ती राजवाड्यातले पलंग आणि ताटल्या पाहायला. त्यासाठी वेळ छापलेलं तिकीट लागतं, आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. मधे अर्ध्या तासाचा चढ. साडेदहाचं तिकीट घेऊन साडेदहाला हसतमुखाने फाटकावर पोचलेली कुटुंबं त्या चढावर एकमेकांशी बोलेनाशी होतात. वर पोचल्यावर दारातल्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नाही, उशिराला सवलत नसते. फाटकापासून वर नेणारी छोटी बस आहे, पण तिचं तिकीट वेगळं आणि रांगही वेगळी.

माझं ऐकाल तर राजवाड्याचा आतला भाग सोडून द्या. नुसतं बागेचं तिकीट काढा, ते स्वस्तही पडतं. वरच्या मुख्य फाटकातून शिरा आणि खालच्या तळ्यांच्या फाटकातून बाहेर पडा. पाणी ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने चालायचं, हा एक नियम पाळला तर पोर्तुगालच्या निम्म्या बागा सुसह्य होतात. वाटेत राणीच्या नावाची नेच्यांची घळ लागते. तिथले नेचे झाडांएवढे, त्यांच्या खालून छत्री मिटून जावं लागतं. शेवटी तळी, आणि तळ्यात बदकांसाठी बांधलेला दगडी बुरूज. बदकांनाही किल्ला आहे, तोही तळाशी, म्हणजे त्यांना चढायचं काम नाही. याच बागेत क्रुझ आल्ता नावाचं ५२८ मीटरचं शिखर आहे. शिखर सर केल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही त्यांनी तिकडे वळावं. धुकं असेल तर वर पोचल्यावर दगडी क्रूस दिसतो, दुसरं काहीही दिसत नाही.

आणि धुकं असतंच. अटलांटिकवरून येणारी दमट हवा या डोंगराला अडून वर चढते, गार होते आणि तिथेच बसून राहते. त्याच ओलाव्यावर इथलं शेवाळ आणि नेचे जगतात. खाली लिस्बनमध्ये उन्हाने टाळू तापलेली असताना सिंत्रात स्वेटर लागू शकतो. जुलैत स्वेटर नेणाऱ्याला बाकीचे हसतात. हसू द्यावं, आणि वर गेल्यावर तो कोणालाही देऊ नये.

तिथलीच दुसरी जागा रेगालेइरा. कार्व्हाल्यू मोंतेइरू नावाच्या अतिश्रीमंत गृहस्थाने लुइजी मानिनी या इटालियन नेपथ्यकाराकडून १९०४ ते १९१० या काळात ही बाग घडवून घेतली. आता मालकी नगरपालिकेची आहे. इथली २७ मीटर खोल विहीर जगभर गाजलेली, जिन्याने गोल गोल तळापर्यंत उतरायची. पाण्यासाठी ती खणलेलीच नाही. दीक्षाविधीची विहीर म्हणतात, म्हणून गूढ. सध्याचा विधी असा, की कठड्यावरून मोबाइल खाली धरायचा आणि मागच्या शंभर जणांनी उसासे टाकायचे. दार उघडायच्या आधी पोचा, आत शिरल्यावर फुलांकडे ढुंकूनही न पाहता थेट विहिरीकडे चालू लागा, फुलं नंतर कुठे पळून जात नाहीत. तळातून अंधारी भुयारं फुटतात आणि एक वाट तळ्यावर निघते, तिथे पाण्यातल्या दगडांवर पाय देत पलीकडे जायचं असतं. दगड ओले असतात. इथे चामड्याच्या तळव्याचे बूट घालून येणारा माणूस बागेपेक्षा जास्त फोटोंत येतो.

सिंत्रात एकच बाग पाहायची असेल तर ती मोन्सेरात. गर्दी पेनाकडे वळल्यामुळे ४३५ च्या बसने इथवर येणारे थोडे. ही मालमत्ता एकेकाळी गोव्यात व्हाइसरॉय राहिलेल्या काएतानु द मेलु इ काश्त्रु यांच्या घराण्याची. १७५५ च्या भूकंपात घर मोडलं, पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस कुक या इंग्रज कापड व्यापाऱ्याने नवा राजवाडा आणि आजची बाग उभी केली. झाडं देशवार लावलेली आहेत. मेक्सिकोच्या भागात ऊन आणि निवडुंग, पलीकडे नेच्यांची ओली दरी. एका वाटेवर दगडी जाळीकामाची कमान उभी आहे, १८५७ च्या उठावानंतर भारतातून आलेली. आपल्याकडची कमान पाहायला आपणच तिकीट काढायचं, यावर प्रत्येक भारतीय गटात एक पुरुष पाच मिनिटं बोलतो. त्याला बोलू द्यावं, तेवढीच बाकीच्यांना विश्रांती. राजवाड्यापुढची उतरती हिरवळ ही पोर्तुगालमधल्या सुरुवातीच्या हिरवळींपैकी एक. इथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे ती टिकवायला पाण्याचे नळ आधी आणि गवत नंतर, असा उलटा क्रम लागला. तिच्यावर बसायला मनाई नाही. मात्र फाटक वर आणि हिरवळ खाली. जाताना सगळे कवी असतात, परतताना फक्त श्वास ऐकू येतात.

आईबाबा किंवा सासूसासरे बरोबर असतील तर लिस्बनमध्ये सरळ गुल्बेंकियन संस्थेची बाग गाठा. प्रवेश फुकट, जमीन जवळपास सपाट, तळं, बदकं, झाडीत दडलेली काँक्रीटची बाकं, आणि १९६० च्या दशकातली मांडणी असूनही बाग म्हातारी झालेली नाही. दुसरी एश्त्रेलाची, १८५२ ची. २८ नंबरची ट्राम दाराशी सोडते, आत लोखंडी नक्षीचा बँडस्टँड आणि कॉफीचा किऑस्क आहे. या किऑस्कांचं महत्त्व कॉफीपेक्षा मोठं आहे. पोर्तुगालमध्ये बागेतलं स्वच्छतागृह शोधण्याऐवजी किऑस्क शोधावा, ते बहुधा त्याच्या आसपासच सापडतं. तिथे ‘तोश्ता मिश्ता’ मागवताना सांभाळा, त्या सँडविचमध्ये चीजबरोबर हॅम असतंच. आणि नदीकाठी पार्क दास नासोंइश भागात गार्सिया द ओर्ताच्या, म्हणजे गोव्यात राहून औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज वैद्याच्या, नावाची बाग आहे. पणजीकरांना हे नाव ओळखीचं, त्यांच्या शहरातही त्याची बाग आहे. लिस्बनच्या बागेत गोव्यासकट पोर्तुगीज जिथे जिथे पोचले तिथली झाडं लावली आहेत. चढ नाही, वारा मात्र टोपी नेतो.

प्रिन्सिप रेआलच्या छोट्या बागेतलं एक झाड चुकवू नका. हा सायप्रस वर जायचं सोडून आडवा पसरला आहे, पसारा २० मीटरहून अधिक रुंद, फांद्या लोखंडी मांडवावर पेललेल्या आणि खाली बाकडी. मध्य पोर्तुगालमधल्या बुसाकोच्या जंगलात सतराव्या शतकात कार्मेलाइट साधूंनी जी झाडं जपली ती याच जातीची. झाड तोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याचा पोपचा हुकूम त्यांनी १६४३ मध्ये मिळवला होता. वृक्ष प्राधिकरणाच्या नोटिशीपेक्षा हा उपाय कडक. युरोपात बराच काळ या झाडाला ‘गोव्याचा देवदार’ म्हणत, कारण पोर्तुगीजांनी ते गोव्याहून आणलं असा समज होता. गोव्यात कोणी तो देवदार पाहिला होता कोण जाणे. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं, आणि शास्त्रीय नाव मिळालं ते लुसितानिका, म्हणजे पोर्तुगालचं. जन्म एकीकडचा, आडनाव दुसरीकडचं आणि आळ गोव्यावर.

बागांपर्यंत नेणाऱ्या फुटपाथांबद्दलही सांगायला हवं. ते चुनखडीच्या पांढऱ्या-काळ्या चौकोनी तुकड्यांचे, नक्षीदार आणि शतकभर पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की घसरतात. मे अखेर ते जून या काळात जॅकरांडा, म्हणजे आपला नीलमोहर, फुलतो. लिस्बन जांभळं होतं, सगळे माना वर करून चालतात, आणि खाली पडलेली चिकट फुलं त्याच दगडांवर असतात. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट घ्या आणि फोटो उभं राहून काढा.

पोर्तोत क्रिस्टल पॅलेसच्या बागा आहेत. १८६५ चा काचेचा महाल १९५१ मध्ये पाडला, जागी घुमटाचं सभागृह आलं, एमिल डेव्हिड यांनी आखलेली बाग उरली. डोरू नदीचं दृश्य फुकट. मोर मोकळे फिरतात. युरोपीय पर्यटक त्यांच्यापुढे गुडघे टेकतात, आपण आपलाच राष्ट्रीय पक्षी म्हणून ऐटीत जवळ जातो, आणि तो आपल्या हातातलं बिस्किट नेतो. इथून वाटा नदीकडे उतरतात. खाली मासारेलोशला १८ नंबरची जुनी ट्राम पुन्हा वर कार्मोपर्यंत आणते. तिची शेवटची वेळ उतरण्याआधी पाहून ठेवा, उतरल्यावर नव्हे.

उत्तरेत ब्रागाजवळचं बोम जेझूश तर पायऱ्यांचंच तीर्थ आहे, पायऱ्या पाचशेहून जास्त. पण १८८२ पासून तिथे पाण्यावर चालणारी रेल्वे आहे. दोन डबे एकाच तारेला बांधलेले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. तळाशी पोचला की पाणी सोडून देतात. खाली किती माणसं बसली त्यावर वर किती पाणी भरायचं ते ठरतं, म्हणजे आपलं वजन तिथे अप्रत्यक्षपणे नोंदलं जातं. वर याने जावं, पायऱ्यांनी उतरावं. उलट करणारे भाविक असतील, त्यांना नमस्कार.

काश्तेलु ब्रांकूची बिशपांची बाग लहान आहे, पण वाट वाकडी करून पाहण्यासारखी. जिन्याच्या कठड्यावर पोर्तुगालच्या राजांचे पुतळे ओळीने उभे आहेत. १५८० ते १६४० या काळात राज्य करून गेलेले स्पेनचे फिलिप राजेही ओळीत आहेत, फक्त मुद्दाम बुटके घडवलेले. अपमान कसा करावा याचं असं सुबक उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही.

मादेइरा बेटावर फुंशालहून केबलकारने मोंतेला जायचं, सुमारे १५ मिनिटं. वर मोंते पॅलेसची उष्णकटिबंधीय बाग आहे, सायकॅड (ताडासारखी दिसणारी पुरातन जातीची झाडं) आणि रंगीत माशांची. ती पाहून झाली की वेताच्या घसरगाडीचा मोह होतो. पांढऱ्या कपड्यांतले दोघे जण दोऱ्या धरून, बुटांचे ब्रेक लावत तुम्हाला रस्त्यावरून खाली सोडतात. छापील पत्रकात न सांगितलेली गोष्ट अशी, की ही गाडी साधारण दोन किलोमीटरनंतर लिव्हरामेंतूला थांबते. फुंशालचा बाजार तिथून बराच खाली आहे. पुढे टॅक्सी, बस किंवा पुन्हा तुमचे गुडघे. टॅक्सीचे पैसे घसरगाडीच्या पैशांतच धरून ठेवा.

आझोर्समध्ये साऊँ मिगेल बेटावर फुर्नासची तेरा नोस्त्रा बाग आहे, टॉमस हिकलिंग या अमेरिकन व्यापाऱ्याने अठराव्या शतकात सुरू केलेली. कॅमेलियाच्या सहाशेवर जाती आहेत, त्या पाहायच्या तर हिवाळ्यात जा. मधोमध गरम पाण्याचं मोठं तळं, रंग टपरीवरच्या चहासारखा. हा रंग लोहाचा असतो आणि तो कपडे सोडत नाही. नवा, फिकट पोहण्याचा पोशाख घालून उतरलात तर बाहेर येताना तो गंजलेला असेल, आणि कुठल्याही साबणाने निघणार नाही. जुना, काळा पोशाख न्या, टॉवेलही गडद न्या, हॉटेलचा पांढरा टॉवेल नेऊन बिलावर वाद घालू नका.

गावात ज्वालामुखीच्या उष्णतेवर जमिनीखाली भांडी पुरून सहाएक तास शिजवलेला ‘कोझीदू’ मिळतो. त्यात गाय, डुक्कर, कोंबडी आणि सॉसेज यांच्याबरोबरच कोबी-बटाटे शिजतात, त्यामुळे ‘मी फक्त भाजी घेते’ ही युक्ती इथे चालत नाही. शाकाहाऱ्यांसाठी उकळत्या झऱ्यांत उकडलेली मक्याची कणसं विकायला असतात. लिंबू आणि तिखट-मीठ आपलं आपण न्यावं.