अळी काय खाते, हे आधी विचारू

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि दोन दिवस ती डोक्यातून गेली नाही. ओल्या कचऱ्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवायच्या आणि त्यांची भुकटी शेततळ्यातल्या माशांना घालायची, याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "उकिरड्यातले किडे माशाला, आणि तोच मासा लेकराबाळांना? आमच्या वडिलांनी शेंगपेंड आणि कोंड्यावर मासे मोठे केले, काय कमी पडलं? आधी इमू, मग कडकनाथ, आता अळ्या. शेतकऱ्याला अजून किती बुडवणार?" आणि शेवटी शिरोळकडच्या तुमच्या भाच्याने क्षारपड जमिनीत तळं काढलंय, त्याच्या डोक्यात हे खूळ भरू नका, असंही बजावलंय.

किळसेबद्दल आधी बोलते. पंचगंगेच्या घाटावर गळ टाकणारी पोरं आमिषाला गांडूळच लावतात. आरोग्य खात्याची माणसं पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडून जातात, ते डासांच्या अळ्या खातात म्हणूनच. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी पाण्यावर पडते, तेव्हा तळ्यात कशी झुंबड उडते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. माशाला किडा नवा नाही.

पण तुमच्या वाक्यातला 'उकिरडा' हा शब्द मला टोचला, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलंय. "कुठलाही ओला कचरा चालतो," असं मी त्या लेखात लिहून गेले. तसं लिहायला नको होतं, ते वाक्य आज काढून टाकलं. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी, आपल्या घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. प्रौढ माशी जवळजवळ काही खातच नाही, आठ-पंधरा दिवसांत अंडी घालून मरते. खाणं सगळं अळीचं, आणि अळी जे खाते त्यातलं बरंवाईट तिच्या अंगात उतरतं. कॅडमियमसारखा जड धातू तर ती साठवून ठेवते. म्हणून शहराच्या मिसळ कचऱ्यावर वाढवलेली अळी माशाला घालायला माझा आता स्पष्ट विरोध आहे. युरोपीय संघाने २०१७ साली माशांच्या खाद्यात किड्यांच्या भुकटीला परवानगी दिली, ती सात जातींच्या किड्यांपुरती. त्या किड्यांना स्वयंपाकघरातलं खरकटं किंवा शेण घालायला मात्र तिथे बंदी आहे. वेड्या गाईच्या रोगानंतर जनावरांच्या खाद्यातल्या प्राणिज प्रथिनांचा त्यांनी एवढा धसका घेतला होता की किड्यालाही तेच नियम लावले. आपण निदान तेवढी काळजी तरी घ्यायला हवी.

अळ्या वाढवतो त्या आमच्या शेडवर हा धडा आम्हाला महागात पडला. सुरुवातीला भावाने एका खानावळीतून रोजचं उरलेलं आणायला सुरुवात केली. भात-भाकरीपर्यंत ठीक होतं. एके दिवशी डबाभर तांबडा रस्सा आला, वर बोटभर तेलाचा तवंग, शिवाय मीठ. संध्याकाळी तो ट्रेमध्ये ओतला. सकाळी जाऊन पाहिलं तर निम्म्या अळ्या ट्रेच्या कडा चढून भिंतीवर, उरलेल्या तेलात मेलेल्या, आणि वास असा की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढत होती. त्या दिवसापासून खानावळ बंद. आता मार्केट यार्डातला भाजीपाला, तोही बघून-निवडून. फवारणी केलेला कोबी आत गेला की अळ्या मरतात. किडाच तो, कीटकनाशकाने मरणारच. त्यामुळे पानाला औषधाचा वास आला तर गठ्ठा तसाच बाजूला काढतो.

ट्रे नीट चालत असेल तेव्हा या आणि बघा, काका. बारीक भुरभुर पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज येतो, हजारो तोंडं एकदम खात असतात त्याचा. भाजीच्या थरात हात घातला तर आत चांगलंच गरम लागतं. दोन-तीन आठवड्यांत पांढरट अळी काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत स्वतःच चढणीवरून वर येते. वरच्या टोकाला बादली ठेवली की ती आपसूक त्यात पडते. पण आम्ही काळी पडायच्या आधीच बऱ्याचशा काढून घेतो, कारण काळ्या अळीचं कवच टणक होतं आणि ते माशाला पचायला जड. मग त्या मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून वाळवायच्या. तीन किलो ओल्या अळीची किलोभर वाळकी मिळते. पावसाळ्यात हे वाळवणंच सगळ्यात मोठं संकट आहे. आपल्याकडचा जुलै तुम्हाला सांगायला नको.

आता शेंगपेंड. वडिलांचा अनुभव मी खोडून काढत नाही. रोहू, कटला, मृगळ पेंड-कोंड्यावर वाढतात, आजही वाढतात. प्रथिनांचं म्हणाल तर पेंड आणि वाळकी अळी जवळजवळ बरोबरीत, दोन्ही ४० टक्क्यांच्या आगेमागे. पण पेंडीत लायसीन आणि मेथिओनिन ही वाढीला लागणारी अमिनो आम्लं कमी पडतात, आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांना दिसत नाही. गेल्या आषाढात आमचं एक पोतं आतून हिरवट निघालं, अख्खं पोतं टाकून द्यावं लागलं. पेंड म्हणजे शुद्ध आणि अळी म्हणजे घाण, असा सरळ हिशेब नाही तो.

आणि वडिलांच्या काळात नव्हतं ते एक आज आहे, फिशमील. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या खाद्यात, तिलापिया आणि पंगास या माशांच्या गोळी खाद्यात ते असतं. ते कशाचं? समुद्रातल्या लहान मासळीचं, आपल्या किनाऱ्यावर बरंचसं तारलीचं. आंबा घाट उतरलं की रत्नागिरीच्या बाजूला गरीब माणसाच्या ताटात जी मासळी पडायची, ती दळून आपण तळ्यातल्या माशाला घालतो. मला यातलं काही खुपत असेल तर ते हे. अळीची भुकटी मी मांडली ती या फिशमीलच्या जागी, पेंडीच्या जागी नव्हे. तीही सगळ्या जागी नाही. थोडा वाटा बदलला तर वाढीत फरक पडत नाही, सगळंच बदललं तर बऱ्याचदा वाढ मंदावते. एक तर कवचातलं पचायला जड कायटिन, आणि दुसरं म्हणजे अळीच्या चरबीत ओमेगा-३ फारच कमी, नारळाच्या तेलात असतं ते लॉरिक आम्लच जास्त.

इमू आणि कडकनाथचा घाव मला माहीत आहे. आमच्या भावकीतल्या एका घराने कडकनाथसाठी म्हैस विकली होती. त्या धंद्यात काय झालं? पक्षी महाग विकले, "अंडी-पिल्लं आम्हीच परत घेऊ" असं तोंडी सांगितलं आणि घेणारा गायब झाला. पक्ष्याचा दोष त्यात काहीच नव्हता. म्हणून एवढं ठामपणे सांगते: अळ्यांची अंडी विकून "माल आम्ही उचलू" म्हणणारा कोणी दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. ज्याचं स्वतःचं तळं आहे, ज्याला निवडलेला भाजीपाला जवळपास फुकट मिळतो आणि ज्याच्या घरात वाळवण करायला दोन हात मोकळे आहेत, त्यालाच हे परवडतं. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर जातो, तिथे थोडी बचत झाली तरी पुष्कळ. भुकटी विकत घेऊन घालायची असेल तर आजच्या घडीला मी नको म्हणेन.

भाच्याचं तळं क्षारपड जमिनीतलं, नवीन. त्यात रोहू-कटला सोडले असतील तर पहिलं वर्ष त्याला पेंड-कोंड्यावरच राहू द्या, पाण्याचा सामू (पीएच) आणि खारटपणा सांभाळता सांभाळताच त्याची दमछाक होईल. तिलापिया सोडला असेल आणि गोळी खाद्याचं बिल डोईजड होत असेल, तर त्याला एकदा आमच्या शेडवर पाठवा. सोमवारी नको, त्या दिवशी यार्डातून माल येतो आणि निवडण्यात दिवस जातो. आणि काका, तुम्हीही त्याच्याबरोबर या.